ब्रेक दाबला की गप्प

वायरीवरचं कापडी वेष्टण दोन बोटांत धरून जरा चुरडलं की त्याची तपकिरी भुकटी होत होती. आतलं रबर बिस्किटासारखं कडक झालं होतं आणि थोड्याथोड्या अंतरावर त्याला आडव्या चिरा गेल्या होत्या. प्रत्येक चिरेत तांब्यावर हिरवट थर. फक्त जिथे वायरीचं टोक स्क्रूखाली घट्ट दाबलेलं होतं तिथलं तांबं, स्क्रू सोडवल्यावर, नवंकोरं निघालं, लालसर, चकचकीत. सुमतीने ते टोक उन्हात धरून जरा वेळ पाहिलं, मग वायर खाली टाकली आणि पदराने बोटं पुसली.

"सगळंच बदलायला लागणार," ती म्हणाली.

"सगळं?" लवूने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "बाई, जळलंय तेवढंच बदलू. चार ठिकाणी टेप मारू. उद्या गाडी तुमच्या दारात."

"लढाई संपल्यापासून हेच चाललंय, लवू. चार ठिकाणी टेप."

लवूने डोकं परत आत घेतलं. वाद घालायचा नसला की तो गाडीखाली जात असे.

गाडी सुमतीच्या वडिलांची, अप्पा कीर्तिकरांची. घर गिरगावात खोताच्या वाडीजवळ, आणि भोईवाड्यात अप्पांचा शाईचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि निळ्या पडलेल्या फरशा. लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा अप्पांनी ही पिकअप घेतली होती. तेव्हापासून तिच्यात काही बिघडलं की जो भेटेल तो, हाताला लागेल ती वायर जोडून जात होता. घरातल्या दिव्याची पांढरी वायर, टेलिफोनची बारीक वायर, एके ठिकाणी तर इस्त्रीची ठिपक्याठिपक्यांची. मूळच्या सगळ्या वायरी एकत्र बांधून केलेली जाड वेणी डॅशबोर्डखालून मागच्या दिव्यापर्यंत गेली होती. गॅरेजवाले तिला हार्नेस म्हणत. आता त्या वेणीला इतके फाटे फुटले होते की मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं हे खुद्द अप्पांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी गेल्या आठवड्यात, इथेच डिलाईल रोडवर, त्या वेणीने राम म्हटला. कारण रामदास घाडी.

रामदास म्हणजे ज्याच्याशी सुमतीचं लग्न ठरलं होतं तो, आणि गेली पाच वर्षं ते ठरलेलंच होतं. येत्या एक मेला मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार, त्याच्या आदल्या दिवशीच्या मिरवणुकीचं आमंत्रण चाळीचाळीतून फिरवायला रामदासने अप्पांची गाडी मागून नेली. पोरांनी लाउडस्पीकर जोडला हेडलाइटच्या वायरीला. तेवढ्याने भागेना म्हणून रंगीत बल्बांची माळ जोडली. रामदास मायक्रोफोनमध्ये "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणतोय तोच डॅशबोर्डमधून धूर आला. तरी त्याने वाक्य पूर्ण केलं म्हणे. मग पोरांनी गाडी ढकलत त्याच्या चाळीच्या आवारात आणून लावली, ती तिथेच होती.

"आमची माणसं करून देतील," रामदासने अप्पांना निरोप पाठवला. "गिरणीतले कसलेले कामगार आहेत. शिवाय मिरवणुकीला गाडी हवीच."

अप्पांनी निरोप ऐकून चष्मा पुसला आणि सुमतीला म्हणाले, "तू लक्ष घाल. गाडी माझी असली तरी जाळणारा माणूस तुझा आहे."

सुमती गिरगावातल्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. शाळेला सुट्टी लागली होती. तेव्हा रोज सकाळी पर्समध्ये पकड आणि टेस्टरचा दिवा घालून ती डिलाईल रोडला यायची, आणि रोज संध्याकाळी कपाळाला हात लावून परत जायची.

हे डोकं दुखणं एकट्या वायरिंगचं नव्हतं.

पंचावन्न सालच्या दिवाळीत तिचं आणि रामदासचं ठरलं. या चाळीतल्या कामगारांच्या रात्रशाळेत ती विज्ञान शिकवायला यायची, आणि महापालिकेत कारकून असलेला रामदास तिची उपकरणांची पेटी उचलून वर आणायचा. तिने वक्रनलिकेचा प्रयोग करून दाखवला तेव्हा पाणी चढण चढून पलीकडे उतरलेलं पाहून तो लहान मुलासारखा हसला होता. ते हसणं तिला आवडलं. तिच्या घरी जातीवरून कुरकुर झाली, त्याच्या घरी झाली, आणि थकून थांबली. मग त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि या आवारातल्या सभेत रामदास बाकावर चढून म्हणाला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय मी डोक्याला बाशिंग बांधणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात सुमतीच्याही टाळ्या होत्या. पुढे तिला या गोष्टीचा फार संताप यायचा.

छप्पन साली तो तुरुंगात गेला. सत्तावन्नला निवडणूक आली. एकोणसाठला त्याचे वडील वारले. मधल्या काळात सुमतीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली. भेटेल तो सुमतीला म्हणायचा, "केवढा त्याग!" जणू काही तिने तो मागून घेतला होता. अठ्ठावन्न साली एका रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुताना तिने मनाशी ठरवून टाकलं की हे लग्न करायचं नाही. त्या दिवशी तिला चांगली झोप लागली. पण सांगायचं कधी? सत्याग्रह चालू असताना सांगितलं तर मुली म्हणतील, बाई महाराष्ट्रद्रोही निघाल्या. सुतक असताना कसं सांगायचं? त्याला ताप आलेला असताना? दर वेळी काहीतरी असायचंच. दोन वर्षं तो निर्णय तिने तोंडात धरून ठेवला होता.

आता तर कायदाच झाला. नवस फिटला. तेव्हा सुमतीने स्वतःच्या मनाशी एक शेवटची सवलत ठेवली: राज्य झालं की त्याने आपणहून लग्नाची तारीख काढली, तर तिचं ते अठ्ठावन्न सालचं ठरवणं रद्द. ते हसणं अजून तिच्या लक्षात होतं. त्याने तारीख काढली नाही, तर मात्र बोलायचं.

"रामदास, एक तारीख झाली की पुढे काय?" तिने एका सकाळी विचारलं. तो कचेरीला जायच्या घाईत होता, ती मडगार्डवर बसून वायरी मोजून कापत होती.

"पुढे? पुढे राज्य चालवायचं!"

"मी आपल्या दोघांचं विचारतेय."

"अगं, आधी गाडी तर उभी राहू दे. मिरवणूक होऊ दे. मग निवांत बसू." आणि तिच्या हातातली पकड पाहून हसून म्हणाला, "बायकोला वायरिंग येतं म्हटल्यावर मला काय चिंता!"

"बायको" म्हणाला खरा. पण तारीख नाही म्हणाला.

त्याची आई जाईबाई पहिल्या मजल्यावरून रोज चहा खाली पाठवायची, आणि कधी स्वतःच घेऊन यायची. "गो सुमती, वैशाखात मुहूर्त असत," ती कपबशी मडगार्डवर ठेवून म्हणायची. "तूच इचार माझ्या झिलाक. माका तो नुसता 'बघूया' म्हणता. माझे डोळे मिटल्यावर बघतलो काय?"

"विचारलं, आई. गाडी झाल्यावर सांगतो म्हणाले."

"गाडी!" जाईबाईने गाडीकडे असं पाहिलं की गाडीला लाज असती तर ती तिथून चालती झाली असती. "ह्या भंगाराची वाट बघतासा दोघांव?"

गाडीचं कामही सुखाने पुढे सरकत नव्हतं. काम करणारे दोघे. एक लवू, रामदासचा मावसभाऊ. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात फिटर. दुसरा बुधाजी, लवूच्याच खोलीत राहणारा साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. दोघेही सुमतीचे रात्रशाळेतले विद्यार्थी, त्यामुळे तिला "बाई" म्हणायचे आणि तिचं ऐकल्यासारखं करायचे. लवूची पहिली पाळी, बुधाजीची दुसरी. लवू दुपारनंतर गाडीवर काम करी, बुधाजी सकाळी. एकाच खोलीत राहून दोघांची गाठ पडायची ती रविवारीच.

गिरणीत पाळी बदलली तरी साचा थांबत नाही. जाणारा जातो, येणारा तिथूनच पुढे सुरू करतो. विचारायचं कुणाला? समोर दिसतं ते करायचं. अप्पांच्या गाडीचंही त्यांनी तसंच चालवलं होतं. लवूने दुपारी डाव्या अंगाने नेलेली वायर बुधाजीला सकाळी उजव्या अंगाला बरी दिसायची. पहिल्या दिवशी तर लवूने प्रत्येक दिव्याला घरात ओढतात तशा दोन-दोन वायरी ओढून ठेवल्या, एक जायची आणि एक यायची.

"मोटारीत परतीची वायर नसते, लवू," सुमती म्हणाली. "गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचं काम करतो. वर्गात सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं. पण सांगाड्याचा भरवसा काय, बाई? गंजलेला आहे."

"मग गंज खरवडा. वायरी काढा."

त्याने काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमती यायच्या आत, त्या कोपऱ्यात पडलेल्या पाहून बुधाजीला वाटलं लावायच्या राहिल्यात, आणि त्याने त्या परत लावल्या. सुमतीने तो दिवस त्या पुन्हा काढण्यात घालवला. संध्याकाळी पकड पर्समध्ये टाकली ती जरा जोरात.

तरी गुरुवारपर्यंत नवी वेणी बरीचशी तयार झाली. लोहार चाळीतून आणलेल्या वायरी सुमतीने प्रत्येक दिव्याच्या वाट्याला किती करंट येईल ते पाहून जाड-बारीक निवडल्या होत्या, आणि टोकांना ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. दोनच टोकं मोकळी राहिली. हॉर्नचं बटण फुटलेलं होतं, ते लेथवर नवीन करायला दिलेलं. म्हणून हॉर्नच्या बटणाकडे जायची वायर. आणि मागे ब्रेकचा दुसरा दिवा बसवायचा होता, त्याचं पत्र्याचं घर डाख लावून सांधायला गेलेलं. म्हणून ब्रेकच्या दिव्याच्या वायरीतून त्याच्यासाठी काढून ठेवलेला फाटा. दोन्ही टोकं सोलून तयार करून ठेवलेली, स्टिअरिंगच्या दांड्याजवळ शेजारीशेजारी लोंबत होती.

"ही दोन अशीच ठेवायची," तिने लवूला बजावलं. "सामान आल्यावर मी जोडीन. बुधाजींना आठवणीने सांगा."

"सांगतो की."

"कसं सांगाल? तुमची भेट होत नाही."

"लिहून ठेवतो, बाई. तुमच्या रात्रशाळेतच लिहायला शिकलो ना?" लवू हसला.

त्याने खरोखरच खडूने लिहून ठेवलं. पुढच्या मडगार्डवर, मोठ्या अक्षरांत: हात लावू नये.

शुक्रवारी सुट्टी असूनही निकालाच्या कामासाठी सुमतीला शाळेत जावं लागलं. शनिवारी, मिरवणुकीच्या दिवशी, सकाळी ती आली तेव्हा गाडीचं रूप पालटलेलं होतं. बुधाजीने आख्ख्या वेणीवर गिरणीतली सुती पट्टी गुंडाळून काढली होती. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्यावर बरोबर निम्मा चढवलेला, कुठे चूण नाही की फुगवटा नाही. वरून मेण. सुमती दोन पावलं मागे सरून पाहत राहिली. इतकं देखणं काम तिने शाळेतल्या विलायती उपकरणांतही पाहिलं नव्हतं.

"सुंदर झालंय, बुधाजी."

बुधाजीने मान खाली घातली. "मडगार्डाक हात सुद्धा लावूक नाय, बाई. रंग ओला असतलो म्हटलं."

सुमतीला त्या वाक्याचा अर्थ कळायला पाहिजे होता. पण तेवढ्यात लवू आला. मिरवणुकीसाठी त्याने गिरणीत खाडा केला होता. त्याच्या हातात हॉर्नचं नवं बटण होतं आणि तोंडात "आता बॅटरी लावूनच बघू" होतं. आवारात पोरं जमली, गॅलरीत बायका आल्या. लवूने बॅटरीची पट्टी आवळली.

गाडी कण्हायला लागली.

हॉर्न वाजला असता तर निदान हॉर्न वाजला म्हणता आलं असतं. हा आवाज निराळाच होता. पोट दुखणाऱ्या म्हशीसारखा, लांबट, दबका, आणि न थांबणारा.

"कोणाक काय झाला गो?" वरून कुणीतरी विचारलं.

"गाडी व्याक बसली!" दुसरीने उत्तर दिलं आणि आख्खी गॅलरी खिदळली.

लवू घाबरून उडी मारून ड्रायव्हरच्या जागी बसला आणि सवयीने त्याचा पाय ब्रेकवर गेला. आवाज बंद. त्याने हुश्श करून पाय उचलला. कण्हणं सुरू. पाय ठेवला, बंद. उचलला, सुरू.

"बाई," लवू पाय ब्रेकवर तसाच दाबून धरून म्हणाला, "ह्यात काहीतरी शिरलंय. नारळ फोडूया."

"पाय उचला. पुन्हा ठेवा. मागचा दिवा बघते मी." सुमती मागे गेली. लवूने पाय ठेवला की ब्रेकचा दिवा लख्ख पेटत होता. उचलला की विझायचा नाही, नुसता लालसर मिणमिणत राहायचा. तिने डोळे मिटले आणि मनातल्या मनात बॅटरीपासून निघाली. हॉर्नमधून आलेली वीज बटणाकडे जायच्या ऐवजी दिव्यातून जमिनीला जातेय. म्हणून हॉर्न अर्धवट वाजतो आणि दिवा अर्धवट पेटतो. ब्रेक दाबला की दिव्याला थेट बॅटरी मिळते, हॉर्नच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, मग हॉर्न गप्प. तिने डोळे उघडले.

"बॅटरी काढा, लवू. हॉर्नची वायर कुणीतरी ब्रेकच्या दिव्याला जोडलीय."

"मीच जोडली," बुधाजी छाती पुढे काढून म्हणाला. "दोन टोका नुसती लोंबत होती."

"ती लोंबतच ठेवायची होती!"

"लोंबत?" बुधाजी गोंधळला. त्याने सुमतीकडे असं पाहिलं की जणू तिने ताटात अन्न टाकून उठायला सांगितलं. "बाई, मोकळा टोक दिसला की आमचो जॉबर मुकादम आई-बहीण काढता. शेजारच्या टोकाक गाठ मारायची आणि साचो चालू करायचो. वीस वर्सां हेच केला. मोकळा टोक ठेवून माणूस घराक जाताच कसो?"

"लिहून ठेवलेलं तुला दिसलं नाही?" लवू ओरडला.

"दिसला म्हणूनच मडगार्डाक हात लावूक नाय!"

"मडगार्डाचं कोण बोलतंय, मेल्या!"

"मग मडगार्डावर कित्या लिहिलंस?"

पाच वर्षांत पहिल्यांदाच दोघे कामाच्या दिवशी समोरासमोर आले होते, आणि मागचे पुढचे सगळे हिशेब निघाले. कोण कोणाची चटई वापरतो, कोण तंबाखूची डबी रिकामी ठेवतो, कोण रात्री येऊन पत्र्याचा डबा वाजवतो. गॅलरीतून दोन्ही बाजूंना प्रोत्साहन मिळत होतं. सुमतीने पर्समधून ब्लेड काढलं, गाडीत वाकली आणि ती देखणी पट्टी मधोमध चिरली.

स्वतःच्या पोटावर चीर पडावी तसा बुधाजीने हात पोटाशी नेला.

"इलाज नाही, बुधाजी," ती आतूनच म्हणाली. तिचा आवाज आता तुटक येत होता. "सहा वेढे सोडवले असते तर पुरलं असतं. पण गाठ नेमकी कुठे मारलीत ते तुम्हालाही दिसत नाही, मलाही दिसत नाही, इतकं छान गुंडाळलंय."

गाठ सापडली. विणकराची, बारीक, चपटी आणि नखाने न सुटणारी. तिने ती पकडीने तोडली, हॉर्नची वायर नव्या बटणाला जोडली, दुसऱ्या दिव्याचा फाटा टेप लावून एकटाच बांधून ठेवला. घाम तिच्या चष्म्याच्या काचेवर पडत होता. शेजारी उभ्या असलेल्या पोरांनी तिला चार वेळा "झालं काय, बाई?" विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अजून एकदा विचारा, मग परत सगळं उसवते."

झालं. बॅटरी लावली. गाडी गप्प होती. बटण दाबल्यावर हॉर्न हॉर्नसारखा वाजला. हेडलाइट लागले, विझले. लवूने हँडल मारलं आणि अप्पांची गाडी खोकत, थरथरत, पण चालू झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बुधाजीने न सांगता नवी पट्टी आणली आणि चिरलेल्या जागी, लवूकडे पाठ करून, पुन्हा गुंडाळायला बसला.

तेवढ्यात रामदास आला. गळ्यात झेंडूची माळ, मागे कार्यकर्ते, त्यांच्या खांद्यावर भोंगा आणि ॲम्प्लिफायर. उन्हाने तांबडा झाला होता, पण चेहरा प्रसन्न.

"शाबास! म्हटलं नव्हतं, आमची माणसं करतील म्हणून?"

"भोंगा वेगळ्या बॅटरीवर चालेल," सुमती म्हणाली. "गाडीच्या वायरींना कुणी हात लावायचा नाही."

"अगं, आजच्या दिवशी नकोत गं हे कायदे."

"वेगळ्या बॅटरीवर."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. पोरांनी मुकाट्याने वेगळी बॅटरी आणून गाडीत मागे ठेवली, ॲम्प्लिफायर तिला जोडला. त्यावरचा तांबडा दिवा लागला. रामदास मागच्या फळीवर चढला आणि मायक्रोफोनवर टिचकी मारून म्हणाला, "हॅलो... हॅलो..." चाळीच्या चारही बाजूंनी त्याचा आवाज परत आला. सुमती गाडीच्या मागच्या बाजूला, ॲम्प्लिफायरपाशी उभी होती. गाडी झाली होती. आता अडायला काही उरलं नव्हतं. तिने ठरवलं, मिरवणुकीपूर्वीच, तो खाली उतरला की विचारायचं. एकदाच.

तिच्यावर ती वेळ आली नाही. पहिल्या मजल्याच्या कठड्यावर रेलून जाईबाईने हाक मारली.

"रामदासा! राज्य मिळाला, गाडी चालू झाली. आता लगीन खय अडला ता सांग सगळ्यांसमोर!"

आवार हसलं. "सांग, सांग!" पोरं ओरडली. लवूने हॉर्न वाजवला. रामदास हसला, त्याने वर आईकडे पाहिलं, समोरच्या गर्दीकडे पाहिलं. सुमतीकडे पाहिलं नाही. त्याच्या हातात मायक्रोफोन होता आणि मायक्रोफोन हातात असताना गप्प बसणं त्याला कधी जमलेलं नव्हतं.

"आई विचारते ते रास्तच आहे," तो म्हणाला. आवाजाला आपोआप सभेची धार आली. "मुंबई आली, बंधूंनो! पण बेळगाव? कारवार? निपाणी? आपले भाऊ पलीकडेच राहिले! घरातली माणसं दाराबाहेर असताना आपण अक्षता उधळायच्या? मी आज या ठिकाणी पुन्हा सांगतो, बेळगाव-कारवार महाराष्ट्रात येईपर्यंत हा रामदास घाडी डोक्याला बाशिंग बांधणार नाही!"

टाळ्या झाल्या. पंचावन्न सालासारख्या नाही, जरा विरळ, पण झाल्या. काही बायकांचे हात अर्ध्यावर थांबले. जाईबाई कठड्यावरून मागे सरली आणि तिने पदर तोंडाला लावला.

सुमती रामदासच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिथे तिला बेळगाव दिसलं नाही. परीक्षा पुढे ढकलल्याची नोटीस फळ्यावर लागते तेव्हा अभ्यास न केलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जे येतं, नेमकं ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. इतकी सुटका, इतकी निखळ, की क्षणभर तिला त्याची कीव आली. या माणसाला लग्न नकोच होतं. कदाचित पंचावन्न सालीही नको असेल, आणि हे त्याचं त्यालाही ठाऊक नसेल. तो दर वेळी खरंच महाराष्ट्रासाठी थांबत होता. आणि ती? ती तुरुंगासाठी, सुतकासाठी, तापासाठी थांबत होती. दोघांनी मिळून हे छान चालवलं होतं.

तिने हात पुढे केला आणि ॲम्प्लिफायरचा खटका बंद केला. भोंग्यातली घरघर थांबली. तांबडा दिवा हळूहळू मंद होत विझला, तोवर ती थांबली.

"अगं, बोलतोय ना मी!" रामदास मायक्रोफोन हलवत म्हणाला. "काय बिघडलं आता?"

"काही नाही. मी बंद केलाय."

"कशाला?"

"मला बोलायचंय. भोंग्याची गरज नाही."

"आत्ता? इथे? सुमती, मिरवणूक झाल्यावर निवांत..."

"आत्ताच," ती म्हणाली. लवू ड्रायव्हरच्या जागेवरून मागे वळून पाहत होता. बुधाजी पट्टीचं टोक हातात धरून तसाच बसला होता. तिने आवाज चढवला नाही. चढवायचं कारणही नव्हतं, गॅलरीतल्या बायका ऐकायला कठड्यावरून पुढे वाकल्या होत्या.

"गो बाय," जाईबाई वरून हळूच म्हणाली, "काय तरी बोल गो."

सुमतीने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि फळीवर उभ्या असलेल्या रामदासकडे मान वर करून पाहिलं.

"रामदास, बेळगाव उद्या आलं तरी मी तुमच्याशी लग्न करणार नाही."